ऑटोमॅटिकच्या जागी मॅन्युअल

ओंकार, ईरा — ही गोष्ट मेहकरात कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या आईलाही नाही. मी रडत वगैरे लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. टेबल पुसलंय, चष्मा पुसलाय, चहा संपवलाय, मग बसलेय.

आमचं वाचनालय तुम्ही पाहिलं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथली चिटणीस झाले. पुस्तकांची नोंद कॉम्प्युटरवर आणली ती मीच — तेव्हा आप्पा, म्हणजे आमचे अध्यक्ष, कॉम्प्युटरवरचं कापड काढायलाही घाबरत. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, ते सगळं एका डेटाबेसमध्ये. पण मशीन सुरू केली म्हणून तो डेटाबेस सुरू व्हायचा नाही. एक काळी खिडकी उघडायची, इंग्रजी ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं — आणि ती खिडकी दिवसभर उघडीच ठेवायची. कोणी चुकून बंद केली की पुस्तक ना देता येई, ना घेता. लाईट जाऊन आली की पुन्हा तेच. ती ओळ फक्त मला येत होती. लाईट आली की कोणीतरी आमच्या दाराशी हाक मारायचं, "मॅडम, चला, मशीन तुमाले बोलावून राह्यली!"

मला ते आवडायचं का? फार आवडायचं.

ओंकार, तू फोनवर म्हणालास — आजी, रोज हा खटाटोप कशाला? त्याची सर्व्हिस करून टाक. मशीन चालू झाली की डेटाबेस मागच्या मागे आपोआप सुरू होईल, कोणाला कळणारही नाही. मी म्हणाले, आमच्या जुन्या मशीनवर ते चालत नाही. करून पाहिलं होतं का? नाही. चालेल हे कळत होतं का? चांगलं कळत होतं.

मागच्या मागे, आपोआप, कोणाला न कळता — अरे, घरात मी आयुष्यभर अशीच चालले! सगळे उठायच्या आधी सुरू. कोणी कधी विचारलं, ही कशी काय सुरू होते म्हणून? आता कुठे माझ्या एका एंटरसाठी लोक थांबत होते, तर तेही सोडायचं? — पण हे कारण म्हणून सांगत नाही. नलूचंही घर तसंच होतं.

नलू. तिच्यापाशीच यायचं होतं, म्हणून एवढी वळणं घेतली. नलू शाळेत गणित शिकवायची. माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि वाचनालयातली जोडीदारीण. एकदा मी लग्नाला लोणारला गेले. मागे तिने, ओंकार, तुला फोन केला आणि तू सांगितलंस तसं सगळं केलं. मी परतले तर वाचनालय बिनबोभाट चालू. काळी खिडकी कुठेच नाही. नलू म्हणाली, "पाह्य, आता लाईट जावो का राहो. तुया हाताले काही सोनं लागलं नव्हतं वं!"

सगळे हसले. मीही हसले.

त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर मी सर्व्हिसेसची, म्हणजे मशीनमध्ये मागच्या मागे काय काय चालतं त्याची, यादी उघडली. लांबलचक यादी, त्यात आमचा डेटाबेस, पुढे लिहिलेलं — ऑटोमॅटिक. मी त्या जागी मॅन्युअल निवडलं, ओके केलं, मशीन बंद केली. मॅन्युअल म्हणजे हाताने करायचं. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, अर्थ मला कोणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून तपासणीचे साहेब येणार होते. मला ते ठाऊक होतं का? फळ्यावर ती सूचना मीच लिहिली होती.

सकाळी मुद्दाम उशिरा गेले. साहेब खुर्चीत, पडद्यावर एकच वाक्य — डेटाबेसशी संपर्क होत नाही. आप्पा सगळ्यांदेखत नलूवर ओरडत होते, "तुमाले कोनं सांगतलं होतं मशिनीले हात लावाले?" आणि नलू, जिचं गणित फळ्यावर कधी चुकलं नाही, ती म्हणत होती, "काल चालू होतं हो... मी काहीच नाही केलं."

मी पुढे झाले, ओळ टाइप केली, एंटर दाबलं. पुस्तकं पडद्यावर आली. "मॅडम हायेत म्हून इज्जत वाचली," आप्पा म्हणाले. खरं लिहायचं तर — मी मान डोलावली.

नलूने तिच्याकडची वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून ती येते ती वाचक म्हणून. पुस्तक घेते, जाते, कॉम्प्युटरकडे बघतही नाही. माझ्याकडे चहाला येते. मला दोष देत नाही, स्वतःलाच देते. आणि ओंकार, तू म्हणालास, "आजी, माझंच सांगायला चुकलं असेल, नलूआजीला सॉरी सांग." मी काय म्हणाले आठवतं? — असू दे रे, होतं असं. तुझं काहीही चुकलं नव्हतं. तिचंही नाही. तो सॉरी मी तिला पोचवलासुद्धा.

हे नलूच्या घरी जाऊन हळूच सांगणार नाही. रविवारी वाचनालयाची सभा आहे. आप्पा असतील, त्या दिवशी बघत उभे राहिलेले सगळे असतील; तिथेच उभी राहून सांगेन. कानात सांगितलं तर तेही मागच्या मागेच होईल. नंतर माझ्याकडे चहा घ्यायचा की नाही, ते नलू ठरवेल. समजूत घालायला तुम्ही फोन केलात तर मी उचलणार नाही.

आज सकाळी मी मॅन्युअलचं पुन्हा ऑटोमॅटिक केलं. मशीन बंद केली, चालू केली, आणि हात मांडीवर ठेवून बसले. डेटाबेस आपला आपण सुरू झाला. पहिल्या वाचकाला पुस्तक मिळालं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला ते आवडलं नाही. तसंच राहू दिलं.