रोवण्याची कंबर

माझ्या मायने मला लहानपणी कधी चिखलात उतरू दिलं नाही. दवनीवाड्याला आमच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणा चालायचा, दहा-पंधरा बाया ओळीने वाकून धानाचे परे लावायच्या, आणि मी कडेच्या उंच धुऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेली. मी पाय खाली सोडला की ती वाकल्या वाकल्याच ओरडायची, "तिथंच बस! वाच तू!" बाया हसायच्या, "मास्तरीन व्हते वो तुही पोरगी." झालेही. गोंदियाला शाळेत विज्ञान शिकवते. मायची ओळ मात्र काय सरळ असायची! हात परे लावायचे, तोंड साऱ्यांची टवाळी करायचं. माय आता नाही. रोवण्याचे दिवस आले की तो आवाज ऐकावासा वाटतो, फार वाटतो.

सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. रिपोर्ट मीच वाचला आणि वर्गात शिकवावं तसा तिला समजावला. "माय, या पेशी हार्मोन पकडून ठेवतात. हार्मोन चिकटला की पेशीतले काही जीन चालू होतात अन् गाठ वाढते. ही रोजची गोळी ते होऊ देत नाही."

"म्हंजे करगा व्हय ना," ती म्हणाली. करगा म्हणजे रानधान. "धानातच उगवते, धानासारखाच दिसते, अन् आपलंच पानी पिते." घ्या! माझा अर्ध्या तासाचा तास तिने एका दमात उरकला.

गोळी तिने एक दिवस चुकवली नाही. चार वर्षं छान गेली. मग एका वर्षी पोळ्याला गेले, तेव्हा रोवणा संपून महिना उलटला होता. ती म्हणाली, "कंबर दुखून राहिली बाई." मी काय म्हणावं? "या वयात रोवणा करशील तं दुखनच! कोनं सांगितलं होतं तुले?" मलमाची ट्यूब हातात दिली आणि संध्याकाळच्या बसने परत आले. दिवाळीला पाहते तर ती भिंत धरून उठत होती.

मणक्यात आणि खुब्यात आजार उतरला होता. डॉक्टर म्हणाले, एखादी पेशी आधीच हाडात जाऊन निपचित पडते, कित्येक वर्षांनी जागी होते, आणि तेव्हा ती जुन्या गोळीला दाद देईलच असं नाही. औषधांनी लांबवता येईल, बरं होणार नाही. वाकायचं तर अजिबात नाही. मी विचारलं, "पोळ्यालाच आणलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते उत्तर मला आतून कुरतडत राहिलं.

पुढच्या रोवण्याला मी रजा टाकून गेले. माय धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा चिखलात. "अवो, हे ओळ व्हय का सापाची चाल?" माय खुर्चीतून ओरडली. सारी बांधी हसली. मी चिडले, मग मलाही हसू आलं. संध्याकाळी कंबरेचा पार भुगा झाला होता. दुसऱ्या दिवशी उठवेना, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी मात्र सहज उठून मी चहा मांडला.

माय खाटेवरून पाहत होती. "झाली ना मोकळी? रोवण्याचं दुखनं तीन दिसाचं."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "मंग तुही कंबर?"

"नाई झाली मोकळी."

"म्हंजे तुले तेव्हाच समजलं होतं?"

"चाळीस वर्सं रोवली मी. मले नाई समजनार तं कोनाले?"

"मंग सांगितलं काऊन नाई?" मी ओरडलेच. रडू येत होतं, म्हणून ओरडले.

"सांगितलं ना तुले. पोळ्याले." ती शांतपणे म्हणाली. "तू म्हनली, रोवण्यानं दुखते. मी म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, तिले जास्त समजते."

टोचून बोलली असती तर मी भांडले असते. ती कौतुकाने म्हणाली होती.