इंजुरी म्हणायचं नाही

"म्हण, आय हर्ट मायसेल्फ."

सुपरवायझरने माझा पट्टी बांधलेला हात मनगटाला धरून वर केला. समोर सगळी शिफ्ट उभी. मागून कुणीतरी हसलं.

गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात ही पद्धतच आहे. ज्याला लागलं त्याने सकाळी सगळ्यांपुढे यायचं आणि इंग्रजीत सांगायचं, मी निष्काळजी होतो, मी स्वतःला इजा केली. मराठी चालत नाही. मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. वरचे साहेब मोबाईलवर शूटिंग करतात.

माझ्या मधल्या बोटाचं पेर गेलंय. पुठ्ठा कापायच्या मशीनखाली. बोटं आत जाऊ नयेत म्हणून मशीनवर असलेली जाळी सुपरवायझरनेच काढायला लावली होती, माल लवकर निघावा म्हणून.

काल दवाखान्यातून परतताना हा माणूस फार गोड झाला. एरवी पाणी प्यायला गेलं तरी खेकसणारा. गाडी थांबवून चहा पाजला. तेव्हाच मनात आलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मग हळूच म्हणाला, "इंजुरी म्हणूं नाका. हर्ट म्हण. हर्ट म्हळ्यार ल्हान." म्हणजे हर्ट म्हटलं की जखम किरकोळ.

"पूर्ण वाक्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"अर्थ कित्याक जाय तुका?"

मी गडहिंग्लजची, दहावी पास. त्याला वाटलं, अंगठाबहाद्दर, हिला अर्थ कशाला हवा. अर्थ मला कळत होता. त्याच्या तोंडून ऐकायचा होता.

संध्याकाळी शेजारच्या मशीनवरची लक्ष्मी खोलीवर आली. पेडण्याची. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "त्या बेळगावच्या मामान तसाच म्हटल्यान. मगे कामावरसून काढल्यानी. तो भरपाई मागूक गेलो, तर त्येचोच व्हिडिओ दाखवल्यानी."

आमच्याच शिफ्टमधल्या त्या मामांसाठी टाळ्या मीही वाजवल्या होत्या. रात्रभर तळहात चुरचुरत राहिला. जखमेचा नव्हे, दुसरा.

आणि आज सकाळी तोच हात वर धरलेला.

"म्हण गो."

लाज वाटत होती, संताप येत होता. मी हात सोडवून घेतला.

"बोट मी कापून घेतलं नाही. जाळी ह्यांनी काढायला लावली. आणि पेर गेलं की त्याला इंजुरीच म्हणतात."

साहेबांचा मोबाईल खाली आला.

"घ्या ना शूटिंग. आता का थांबलात?"

कुणी हसलं नाही. लक्ष्मी जमिनीकडे बघत होती. तिचं घर तिच्या पगारावर चालतं, मला माहीत आहे. सुपरवायझर म्हणाला, "फाल्यां येवूं नाका." उद्यापासून माझं काम बंद.

दुपारपासून मला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराचे फोन येताहेत. आजवर 'ए' म्हणणारा आज 'ताई' म्हणतोय. घरी येऊन बोलू, म्हणतोय. केसाने गळा कापणारी माणसं ही. मी दार उघडणार नाही.

उद्या कामगार खात्यात जाणार. एकटी. पट्टी सोडून हात टेबलावर ठेवणार. कारखाना काहीही म्हणू दे. माझ्या हाताला काय झालं आणि कुणी केलं, ते मी सांगेन, आणि नावासकट सांगेन.