आईच्या स्कूटरचे आटे

साठी उलटल्यावर आई स्कूटर चालवायला शिकली. शिकवली मी, डोंबिवलीत आमच्या घरामागच्या मैदानात, आणि त्या काळात माझा आवाज कायमचा बसतो की काय असं वाटलं होतं. पण शिकली. तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या ठाण्याच्या मामाला, हे गणपतीत कळलं तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला. "तू आणि गाडी? रिक्षाने फिर बाई, कोणाला तरी उडवशील."

आईने हातातली मोदकाची ताटली खाली ठेवली. "दसऱ्याला तुझ्या दारात गाडीवरून येते. नाही आले, तर पुन्हा गाडीला हात लावणार नाही." आई एकदा बोलली की बोलली. म्हणून मामा हसत होता आणि मी घाबरले होते.

घात केला तो बाबांनी, आणि तोही प्रेमापोटी. त्यांच्या तरुणपणच्या स्कूटरचा प्लग ते दर खंडेनवमीला काढून सँडपेपरने घासायचे. "गाडी बाहेरून पुसून काय उपयोग? आतून साफ पाहिजे." त्याच न्यायाने या खंडेनवमीला सकाळी, आम्ही कोणी उठायच्या आत, त्यांनी आईच्या नव्या गाडीचा प्लग काढला, घासला आणि परत बसवला. या गाडीचा प्लग अडचणीत, आडवा असतो. तो आधी बोटांनी फिरवून सरळ लावायचा असतो. बाबांनी चष्मा न लावता थेट पाना लावला. प्लग तिरका शिरला आणि जड जायला लागला. जड जातोय म्हटल्यावर बाबांनी आणखी जोर लावला. पुरुषांचं हे असंच असतं.

त्याच सकाळी, दुसऱ्या दिवशीची तयारी म्हणून आई मला मागे बसवून ठाकुर्लीपर्यंत चक्कर मारायला निघाली. ठाकुर्लीच्या वळणावर सीटखाली सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. गाडी फुसफुसली आणि बंद पडली. वाकून बघितलं तर प्लग बाहेर येऊन वायरला लोंबकळत होता. आईने आधी मागे वळून मी शाबूत आहे का ते पाहिलं, मग म्हणाली, "तुझे बाबा."

जवळच ओळखीचं गॅरेज होतं. मालक तिथल्याच जुन्या गावातले. त्यांनी बॅटरी मारून भोकात पाहिलं. "आटे गेले, काकी. इंजिनचा हेड ॲल्युमिनियमचा, नरम असतो. आता नवा बुश टाकाचा, त्याच्यान प्लग बसल."

"मग टाका," मी म्हणाले.

त्यांनी हाताने आत दाखवलं. लाल कपड्यावर सगळे पाने, हातोड्या, टॅप ओळीने मांडलेले, त्यांवर हळद-कुंकू आणि झेंडू. "आज हत्यारांना हात नाय लावाचा. उद्या सकाली पूजा उठली का पयला काम तुमचा."

मी वाद घालणार होते. आईने माझा दंड दाबला. खंडेनवमीला तिनेही आयुष्यात कधी सुरी-विळीला हात लावला नव्हता, ती दुसऱ्याला काय सांगणार? गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो. उद्या बुश बसला नाही तर आईची गाडी कायमची गेली, हे रिक्षात दोघींनाही ठाऊक होतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते उत्साहाने उठले. "नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप आहे ना? तिचे चार वेढे मारतो प्लगला. गाडी संध्याकाळपर्यंत चालू." हातात पाना होताच. आईने तो शांतपणे काढून घेतला, धुतला, देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"आता लावा हात."

बाबांची अशी अवस्था मी कधी पाहिली नव्हती. दिवसभर ते देव्हाऱ्याकडे येरझारा घालत होते. मला हसू आवरेना.

दसऱ्याला सकाळी रेशमी साडी नेसून आई गॅरेजच्या दारात हजर. मालकांनी पूजा उचलली आणि टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हातात घेतला. त्याच्या खाचांत त्यांनी ग्रीस भरलं, म्हणजे कापलेला चुरा त्यालाच चिकटतो, इंजिनात पडत नाही. थोडं पुढे फिरवायचं, थोडं मागे घ्यायचं, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. पुसलेल्या फडक्यावर ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता. मग आत हवा मारली, आतून-बाहेरून आटे असलेला पोलादी बुश चिकटवून बसवला आणि तो पक्का होईपर्यंत आम्हाला चहा पाजला. बाबा हात मागे बांधून उभे होते. शेवटी मालकांनी नवा प्लग आईपुढे धरला. "तुमच्या हातान लावा, काकी. निस्त्या बोटांनी."

आईने पदर खोचला आणि प्लग फिरवला. तो अलगद, कुठेही न अडखळता, तळापर्यंत गेला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

बाबांना लोकलने पुढे पाठवलं. आम्ही दोघी मोठागावच्या नव्या पुलावरून निघालो, माणकोलीला हायवेला लागलो, माजिवड्याच्या ट्रॅफिकच्या गोंधळात आई एकदाही माझ्याशी बोलली नाही आणि मी एकदाही सूचना केली नाही. टेंभी नाक्याला देवीची गर्दी, म्हणून आतल्या गल्लीने मामाच्या दारात थांबलो. मामा बाबांबरोबर खालीच उभा होता. आईने हेल्मेट काढलं. गजऱ्याचा पार भुगा झाला होता.

मामा हसला नाही. तो गाडीभोवती फिरला, मग हँडलवर हात ठेवून हळूच म्हणाला, "घरात सायकल एकच होती. मी तुला एकदाही दिली नाही, ना?"

"नाही दिलीस."

"मागितली होतीस का?"

"रोज."

मामाने हँडलवरचा हात काढून घेतला. मी गाडीवरून उतरले. आईने माझं हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि गाडी चालू केली.

"बस मागे, दादा. घट्ट धर."