गरम असताना हात लावायचा नाय

आमचे दाजी चहा थंड करून प्यायचे आणि भांडणसुद्धा थंड झाल्यावरच करायचे. सकाळी ताई काही टाकून बोलली, तर त्याचं उत्तर दुपारी जेवणानंतर, हात धुता धुता मिळायचं. तोवर आपण काय बोललो होतो हे ताई विसरलेली असायची आणि नव्याने चिडायची. खोपोलीच्या एका कारखान्यात दाजींनी सगळी नोकरी बॉयलरवर काढली. "गरम असताना हात लावायचा नाय" हा तिथला नियम त्यांनी घरी आणला आणि चहापासून बायकोपर्यंत सगळ्यांना लावला. मी धाकटी मेव्हणी, थट्टेचा हक्क माझा. लग्नात हार घालतानाही ताई निवायची वाट बघितली होती का, असं मी विचारायची. ते नुसते हसायचे.

असल्या माणसाने निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कार घेतली हे सांगितलं तर अजून कोणाला पटत नाही. पळसदरीला धरणाच्या बाजूला मुंबईच्या एकांचा बंगला होता. त्यांच्या शेडमध्ये एक जुनी, लाल, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बसकी गाडी धूळ खात पडली होती. घाटात मधूनच तापायची आणि गॅरेजमध्ये नेली की गुमान राहायची, म्हणून मालक वैतागले होते. दाजींनी ती मागून घेतली. जन्मभर बोरघाटाच्या पायथ्याशी उभं राहून वर जाणाऱ्या गाड्या बघितल्या, आता ताईला शेजारी बसवून लोणावळा गाठायचं, मध्ये कुठेही न थांबता, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या गाडीत बसायचं म्हणजे ताईला जवळजवळ मांडी घालूनच आत शिरावं लागे, पण ती हो म्हणाली.

गाडीने मात्र त्यांचा अंत पाहिला. कर्जतच्या बाजारात कितीही वेळ अडकली तरी तापमानाचा काटा मध्यावर. चौक गावच्या रस्त्याला जरा पळवली की एखाद्या दिवशी काटा लाल खुणेवर, एखाद्या दिवशी काहीच नाही. काटा चढला की दाजी गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत आणि हात मागे बांधून उभे राहत. पुरती निवली की मग बॉनेट उघडत, आणि आत सगळं जिथल्या तिथे असे. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, रेडिएटर धुऊन आणला, पाण्याचा पंप नवा बसवला. प्रत्येक वेळी एकच वस्तू. सगळं एकदम बदला आणि सुटा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "दोन वस्तू बदलल्या तर कोनत्या वस्तूनं बरं केलं ते कसं कळनार गं, सुजे?"

हे सगळं मी हसत बघत होते, पण त्याच दिवसांत मला एक गोष्ट दिसली आणि हसू गेलं. आमचं विहार टेकाडावर आहे. पौर्णिमेला वंदनेसाठी चढताना दाजी मधल्या जांभळीपाशी थांबू लागले. खिशातून मोबाइल काढून काहीतरी बघितल्यासारखं करायचे. चेहरा राखेसारखा झालेला, डावा हात छातीशी. ताई धावत जवळ जाईपर्यंत रंग परत आलेला असे. "काय नाय, आता बरा हाय," असं म्हणत ते पुढे चालू लागत.

ताईने त्यांना ओढत कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. पलंगावर झोपवून काढलेली हृदयाची पट्टी चांगली आली. पण चढावर छाती भरते म्हणता तर चालत्या पट्ट्यावर चालवून तपासायला हवं, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. दाजींनी त्यातलं 'पट्टी चांगली आहे' एवढंच घरी आणलं. ताईने हट्ट धरला की म्हणायचे, "आधी हिचा ताप काडतो, मग माझं बगू." मला त्या लाल गाडीचा मनापासून राग यायला लागला.

ताईला माझ्याहून जास्त येत असणार. एका दुपारी मी त्यांच्याकडे होते. दाजी चौकहून परतले, दारात येता येता काटा चढलेला. ते इंजिन बंद करून खाली उतरले आणि एरवी करत नसत ते केलं, नुसती वाफ बाहेर पडावी म्हणून बॉनेट उघडून त्याची दांडी लावली; आत बघणार होते ते निवल्यावरच. तेवढ्यात ताई तरातरा गेली, चालकाच्या जागेवर बसली, किल्ली फिरवली आणि फुटू दे एकदाची म्हणत तिने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळायला लागलं. दाजी तिला ओरडायला वळताना त्यांची नजर इंजिनाकडे गेली आणि ते तिथेच वाकून राहिले.

"दाबून धर," ते हळूच म्हणाले. "सोडू नको."

मीही वाकून बघितलं. रेडिएटरच्या तळातून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला होता, गारेगार चोखून संपल्यावर प्लॅस्टिकची नळी होते तसा. पाणी जायला वाटच नव्हती. ताईने पाय काढला, इंजिन मंदावलं, पाइप फुगून पुन्हा गोल झाला. जसं काही घडलंच नव्हतं.

दाजी पायरीवर बसले. त्या पाइपच्या आत तारेची स्प्रिंग होती, तो दबू नये म्हणून बसवलेली. गाडी आणल्याबरोबर त्यांनीच ती काढून फेकली होती. ती आधीच गंजून तुटलेली, निकामी होती, आणि पाण्यात गंज म्हटला की बॉयलरवाल्याच्या अंगावर काटा येतो. पण त्यांना त्याचं एवढं लागलं नव्हतं. तळव्यांकडे बघत ते म्हणाले, "रोज निवल्यावर बगत व्हतो. निवल्यावर ती बरीच असनार."

मग ताईकडे बघून म्हणाले, "मलाबी गरम असतानाच बगायला पायजे."

ताई तिथेच, गाडीत बसूनच रडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पनवेलच्या इस्पितळात जाऊन तपासणीचा दिवस ठरवून घेतला. तो पुढच्या आठवड्यातला मिळाला. मधल्या दिवसांत न गंजणाऱ्या तारेची स्प्रिंग वळून त्यांनी पाइपात बसवली. तपासणी होईपर्यंत गाडी राहू दे, असं आम्ही दोघींनी सांगून पाहिलं. पण एका वेळी एकच, आधी तिची परीक्षा मग माझी, हा त्यांचा हिशोब सुटेना. रविवारी सकाळी ते ताईला घेऊन घाटात गेले.

पुढचं ताईने सांगितलेलं. निम्मा घाट चढल्यावर त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. तिला वाटलं, गाडी तापली. "काटा बग गं," ते म्हणाले. तिने बघितला, अगदी मध्यावर होता. तसं सांगायला ती वळली, तोवर दाजी गेले होते.

गाडी कोणी नेली ते मी विचारलं नाही. फोनवर कशी आहेस विचारलं की ताई नेहमी बरीच असते. म्हणून मी फोनवर विचारणं सोडून दिलं आहे. पौर्णिमेला जाते, तिला घेऊन विहाराचा चढ चढते. ती पुढे, मी मागे. जांभळीपाशी पोचलो की मी बोलणं थांबवते आणि तिचा श्वास ऐकते.