भागाबाईच्या दगडाला शेंदूर

माझी पाठवणी झाली तेव्हा वऱ्हाडाची जीप धरणगावच्या रस्त्याला लागायच्या आधीच थांबली आणि सुरतेची मंडळी वैतागली. "आता आणखी काय राहिलं?" नवरदेवाचे मामा म्हणाले. राहिलं होतं पाणी. फाट्यावरच्या निंबाखाली भागाबाईचा दगड आहे. आमचं गाव सोडून जाणाऱ्यानं तिथं एका तरी अनोळखी वाटसरूला स्वतःच्या हातानं पाणी पाजायचं, मगच पुढं निघायचं, अशी रीत. आणि त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं! शालू सावरत, डोळे पुसत, तांब्या घेऊन मी आपली उभी. शेवटी एक ट्रक आला. नवरी हात करतेय बघून ड्रायव्हर बिचारा दचकलाच. घटाघटा प्याला आणि म्हणाला, "जीती रहो, बेटी." माझं रडू तिथंच थांबलं. सासरच्यांना मात्र वाटलं असणार, भलत्याच गावची सून केली.

दगडावर ओबडधोबड अक्षरं होती: "इथं भागाबाईनं पाणी पाजलं. आम्ही प्यालो. गाडीवान." बस, एवढंच. कधीकाळी या वाटेनं कापसाच्या बैलगाड्या जायच्या. एका दुष्काळात भागाबाई लांबून डोक्यावर पाणी आणायची आणि जात न विचारता पाजायची. ती गेल्यावर गाडीवानांनी वर्गणी काढून हा दगड उभा केला. मला हे अक्कानं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं सांगितलं. दगडाजवळचा माठ रोज तीच भरायची. पुढं मी सुरतेत चौकाचौकातले दगड वाचले, कुणी काय बांधलं, कुणी कुणाला हरवलं. चांगले संगमरवरी, सोनेरी अक्षरांचे. पण "आम्ही प्यालो" असं लिहून ठेवायला मन मोठं लागतं हो. आमच्या गाडीवानांचं मला अजून कौतुक वाटतं.

नव्वद साल उलटून गेल्यावर एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले. बसमधून उतरले आणि बघते तर दगड शेंदरानं लालभडक! वर पत्र्याचं छप्पर, पुढं नारळ. अक्षरं पार बुजलेली. माठ उपडा. एक म्हातारा वाटसरू आला, हात जोडले आणि तसाच कोरड्या घशानं पुढं गेला.

रस्ता रुंद होणार होता आणि दगड नेमका मधे येत होता. सरकारी माणसं म्हणाली, उचलून टाकू. तेव्हा माझ्या चुलतभावानं, अशोकनं, शक्कल लढवली. देवाला कोण हलवणार? आदल्याच रात्री पोरांनी शेंदूर फासला आणि माठ उपडा घातला. "आते तिले हात लावानी कोनी हिंमत शे, अक्का?" तो छाती फुगवून सांगत होता.

अक्का कडाडली. "मानूस व्हती रे ती! देव कया का नुसता हात जोडीसन मोकया. मानूस ठेवी तं तिनामायेक पानी पाजनं पडस!" देव केला की हात जोडून मोकळं, माणूस ठेवलं तर तिच्यासारखं पाणी पाजावं लागतं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी घासलेट आणि नारळाचा काथ्या घेऊन ती दगडापाशी जाऊन बसली. कोप होईल, असं म्हणत माणसं लांब उभी. अशोक काकुळतीला आला. "अक्का, अक्षरं दिसली तर मशीन तिला नेईल ना!" त्याचंही खोटं नव्हतं. पण आखाजीला आलेल्या आम्ही लेकीबाळी सगळ्या त्याच दगडापाशी पाणी पाजून गेलेल्या. आम्ही पदर खोचले आणि घासायला लागलो. आधी "प्यालो" दिसलं. मग "भागाबाई".

आम्ही हात धुतोय तोच बुलडोझर आला. ड्रायव्हर परमुलखातला, घामानं निथळलेला. अक्का उठली आणि तिनं तांब्या पुढं केला. तो प्याला. मग दगडाकडं बघून म्हणाला, "माताजी, इसपे क्या लिखा है?" मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मशीनच्या पुढच्या सुपासारख्या पात्यात त्यानं गोणपाटं अंथरायला लावली, दगड अलगद उचलला आणि निंबाच्या पलीकडं नेऊन उभा केला. ठेकेदाराचा माणूस ओरडत आला, हे काम कुणी सांगितलं म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, "हमने भी तो पिया है." अक्का पदर तोंडाला लावून रडली. अशोकनं माठ सरळ केला आणि भरायला घेऊन गेला.

अक्का आता नाही. अशोक माठ भरतो, असं गावाकडून येणारे सांगतात. सुरतेत माझ्या दाराशीही एक माठ आहे. गावच्या लेकींनो, जिथं असाल तिथं तुम्हीही ठेवा. उन्हाचं कुणी थांबतं आणि पाणी कुणाचं म्हणून विचारतं, "बेन, आ पाणी कोनुं?" मी म्हणते, "भागाबाईनुं." ही कोण भागाबाई, ते कुणी विचारत नाही. पितात आणि आपल्या वाटेनं जातात. पेला विसळून परत ठेवते, तेवढा वेळ मी माहेरी असते.