अस्वलाचे खोटे सुळे

अस्वलाच्या तोंडाची ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बहारीनच्या पोलिसांत होतो आणि हिंदी-मराठी बोलणाऱ्यांच्या जबान्या माझ्याकडे यायच्या. रिफातल्या एका गृहस्थांनी परदेशात अस्वल मारलं होतं. त्यात कसली मर्दुमकी, ते मला आजही कळलेलं नाही. कातडं आणि कवटी त्यांनी सलमाबादच्या एका वर्कशॉपला पेंढा भरायला दिली. अट एकच: अस्वल जबडा उघडून उभं हवं आणि दात त्याचेच हवेत. अस्वल दिवाणखान्यात उभं राहिलं. काही महिन्यांनी पाहुणा म्हणून आलेल्या एका दंतवैद्याने सुळ्यावर नख वाजवलं आणि सांगितलं, हे प्लास्टिक आहे.

गृहस्थांनी तक्रार नोंदवली. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस आपल्या मुंबईचाच. "आमचा कारागीर गेल्या आठवड्यात अस्वल साफ करायला बंगल्यावर गेला होता. त्यानेच दात बदलले. बोलवा त्याला, कबूल करेल."

कारागीर पेणचा, तिशीतला. गावी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, मीच बदलले."

इतकी तयार कबुली मला आवडत नाही.

"खरे दात कुठे आहेत?"

"समुद्रात टाकले. सित्राकडे."

"सित्राला कसा गेलास?"

तो नखातला रंग खरवडू लागला. आमचा सार्जंट वैतागला. "खलास, सही घे. तुला काय अस्वलाचा डॉक्टर व्हायचंय?"

सही घेतली असती तर त्याला आधी तुरुंग आणि मग कायमचं परत जाणं होतं. मी कागद बाजूला ठेवला. "बरं, नवे दात कसे बसवलेस ते सांग."

इथे माणूस सरळ होऊन बसला. "आधी दात. मग मुळाशी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून हिरडी उठवायची. आत गुलाबी, ओठाकडे काळपट. रंग जरासा दातावर चढू द्यायचा आणि कापसाने पुसायचा, म्हणजे कडा जिवंत वाटते. व्हार्निश शेवटी. जीभ ओली दिसायला हवी, पण सगळीकडे सारखं चकाकलं की खेळणं होतं, साहेब."

"वेळ किती लागतो?"

"रंगाचे चार हात द्यावे लागतात. एक हात सुकायलाच दिवस जातो."

"आणि बंगल्यावर किती वेळ होतास?"

"तासभर," म्हणाला, आणि जे बोलून गेला ते त्याच्या लक्षात आलं. मान खाली गेली.

मी टॉर्च घेऊन रिफाला गेलो आणि अस्वलाच्या तोंडात डोकं घातलं. हिरडीचा रंग सुळ्यांच्या मुळावरून अखंड गेला होता. कुठे चीर नाही, जोड नाही. म्हणजे दात नंतर कुणी बदललेच नव्हते. अस्वल वर्कशॉपमधून निघालं तेव्हाच ते खोटे होते.

मॅनेजरच्या कपाटाची झडती घेतली. वरच्या फळीवर अस्वलाची कवटी, धडधाकट सुळ्यांसकट. खालच्या फळीवर रबरबँड लावलेली कामगारांच्या पासपोर्टांची चळत.

मग कारागीर बोलला. खरे दात तडकले असं सांगून मॅनेजरने प्लास्टिकचे दिले, त्याने बसवले. बोभाटा झाल्यावर मॅनेजरने बजावलं, कबूल कर, नाहीतर तुझ्याबरोबर भावाचाही व्हिसा रद्द. भाऊ त्याच कंपनीत प्लंबर होता.

"त्याला येऊन तीन महिने झालेत, साहेब. कबूल केलं तर मी एकटा जातो. नाहीतर दोघं."

कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रोज बघत होतो आणि गप्प होतो. हा गुन्हा कुणाच्याच नावावर लागला नाही, माझ्याही नाही.

दोन्ही भावांचे पासपोर्ट मी त्यांच्या हातात दिले आणि त्यानंतरच जबानी नव्याने लिहिली. मॅनेजरवर खटला भरला. खरे सुळे पुढे त्याच कारागिराने बसवले, चार दिवस घेऊन.

नोकरी संपेपर्यंत मग माझी एक सवय राहिली. कुणी आपणहून गुन्हा कबूल करायला आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे?"