नेपियरच्या उंबरठ्यावरचा नारळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सातासमुद्रापारच्या नेपियर शहराच्या संरक्षित पेठेतल्या एका उंबरठ्याला एकाच फटक्यात तडा देणाऱ्या, पाच फुटांहूनही कमी उंचीच्या माई गेल्या महिन्यात डोंबिवलीत वारल्या. त्यांचा मुलगा शेखर माझा कॉलेजातला मित्र. त्याचा फोन आला तेव्हा मी हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातल्या माझ्या घरामागे गवत कापत होतो. "माई गेली रे," तो म्हणाला. मग, "आता तुझी ती गोष्ट..." मी गवताचं यंत्र बंद केलं.

गोष्ट अशी. नेपियरचा बाजार एकेकाळी भूकंपात आणि पाठोपाठच्या आगीत भुईसपाट झाला. लोकांनी तो दोन-तीन वर्षांत पुन्हा उभा केला, आणि तोही त्या वेळच्या अगदी नव्या धाटणीचा. काँक्रीटच्या बुटक्या दुमजली इमारती, बिस्किटी नाहीतर फिका गुलाबी रंग, माथ्यावर नागमोडी नक्षी आणि जागा मिळेल तिथे उगवता सूर्य. "गाव मोडलं की माणसं सूर्य काढत सुटत असतील," माई म्हणाल्या होत्या. त्यांचं माहेर माटुंग्याच्या तसल्याच एका जुन्या इमारतीतलं, त्यामुळे तिथले गोल सज्जे बघून त्या हरखल्याच. "अरे, हे तर आमचंच की. फक्त दोरीवर कपडे नाहीत." या पेठेत भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. शेखरने तिथे वडे आणि चहाचं दुकान काढलं तेव्हा त्याच्या पाटीचा भगवा रंगसुद्धा नामंजूर झाला होता.

उद्घाटनासाठी माई डोंबिवलीहून आल्या होत्या; शेंडीचा नारळ मी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून नेला. शेखर म्हणाला, "माई, तूच फोड." माई मागे सरल्या. "माझा हात नको रे. सुनेला सांग." शेखरचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून माई प्रत्येक शुभकार्यात मागच्या रांगेत. मीच पुढे होऊन म्हणालो, "माई, इथे कोण बघतंय?"

नेमकी त्याच वेळी जुन्या इमारती दाखवणारी एक गाइडबाई पर्यटकांचा घोळका घेऊन कोपऱ्यावरून वळली. माईंनी पदर खोचला, डोळे मिटले आणि नारळ हाणला तो थेट उंबरठ्यावरच्या मोझेकच्या सूर्यावर. नारळ अखंड, सूर्याला तडा. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. गाइडबाईंचा चेहरा मात्र घरात कुणी गेल्यासारखा झाला.

मदतीला म्हणून मी आठवडाभर राहिलो होतो. दुरुस्तीला कारागीर आला तेव्हा शेखर कढईपाशी अडकलेला, म्हणून मीच बाहेर उभा राहिलो. त्याने लादीवर टकटक केली. "खालून पोकळ आहे, मेट. पाणी मुरलंय. कुणाच्या टाचेनंही गेली असती." मग रंगाला रंग मिळवून त्याने तडा बुजवला, "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास, म्हणाला आणि गेला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नव्हे... गोष्टीत बसेना. पोकळ लादीला कोण हसणार? माईंचा पराक्रम मात्र मी हॅमिल्टनच्या गणपतीत, वाढदिवसांत, बार्बेक्यूच्या धुरातही रंगवला. हातात नारळ म्हणून उशी घेऊन, पदर खोचून दाखवून. "माईंचा हात लागला आणि सूर्य फुटला" या वाक्याला हमखास हशा यायचा. पुढच्या मुक्कामांत माई समोर असल्या तर त्याही तोंडाला पदर लावायच्या. हसतायत, असं मी धरून चाललो.

शेखरला मुलगी झाली. बारशाला माई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. "पुऱ्या जळतील," म्हणाल्या. या वयातला त्यांचा उरक बघून आम्ही त्यांचं कौतुक केलं.

त्या शेवटच्या डोंबिवलीला परतल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्याकडे उतरले होते. चार मित्रही होते, तेव्हा माझा प्रयोग ठरलेलाच. हशा ओसरल्यावर एकाने विचारलं, "शेखर, तू हॅमिल्टनला काढतोयस त्या नव्या दुकानाचा नारळही माईंच्याच हस्ते ना?"

"नको," माई म्हणाल्या. "तेव्हाही मी नकोच म्हणत होते. माझ्या हातानं काय होतं, ते याच्याकडून ऐकताच आहात तुम्ही."

शेखरची बायको कप गोळा करू लागली. मी घाईघाईने कारागिराचं सगळं सांगून टाकलं. लादी पोकळ होती, माई, पाणी मुरलेलं होतं, ती कशानंही गेली असती. वर हसूनही दाखवलं. माईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्यावर झोपलेल्या नातीकडे, आणि त्या बोलून गेल्या,

"अरे, हे आधी सांगितलं असतंस, तर हिला पाळण्यात मी घातलं असतं."